कल्पना त्यांची, अनुभव माझा

सरांनी माझी वही दोन बोटांत धरून वर केली आणि तीस माणसांसमोर विचारलं, "हे तुला कुणी लिहून दिलं?"

नगरच्या एका वाचनालयात विज्ञानकथेचं दोन दिवसांचं शिबिर होतं. बहात्तरचा उन्हाळा. मी नेवाशाकडच्या आमच्याच गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. बौद्ध. गावाच्या तोंडी अजून महारच. सर विज्ञानकथेतलं मोठं नाव. माझे वडील साखर कारखान्यात बॉयलरमध्ये चिपाडं लोटायचे, साहेब लोकांची जुनी मासिकं माझ्यासाठी मागून आणायचे. सरांच्या कथा मी त्यातच वाचल्या होत्या. चंद्र, मंगळ, यंत्रमाणसं, सगळं मला तिथंच भेटलं.

मी सांगितलं, मीच लिहिली.

कथा अशी होती. बारा वर्षं पाऊस नाही. गावात एकच विहीर, तिच्यावर यंत्र बसवलेलं. यंत्र आडनाव विचारतं, ओळख पटली तरच पाणी सोडतं. एक दिवस ते कुणालाच ओळखेनासं होतं. पाटलालाही नाही. सगळं गाव घागरी घेऊन उभं, आणि यंत्र पुन्हा पुन्हा आडनाव विचारतंय.

सर हसले. "ग्रहतारे, यंत्रं आमच्यावर सोड. तुझ्याकडे खरं दुःख आहे. ते लिही."

मग त्यांनी मला पुढं बोलावलं. वस्तीत पाणी कसं मिळतं ते सगळ्यांना सांग म्हणाले. आणि मी सांगितलं. आईची घागर एकदा वरच्या आळीतल्या बाईच्या लुगड्याला लागली. बाईनं ती आपटून फोडली. आईनं खापरं वेचली, पदरात घालून घरी आणली. हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. दोन बायकांनी डोळे पुसले. मग टाळ्या. त्या टाळ्यांनी मला जेवढं उघडं केलं तेवढं गावानंही केलं नव्हतं.

वही सरांनी ठेवून घेतली. सवडीनं बघतो म्हणाले.

दिवाळी अंकात कथा आली. त्यांच्या नावानं. विहिरीच्या जागी मंगळावरची टाकी. यंत्र तेच. प्रश्न तोच. वर चौकटीत माझं नाव, माझ्या गावाचं नाव, शाळा. अमुक गावच्या या दलित शिक्षिकेच्या अनुभवावरून मला ही कल्पना सुचली, असं. उपकार केल्यासारखं.

चार दिवसांनी आप्पा वर्गात आले. आप्पा म्हणजे गावचे बडे बागायतदार, शाळा समितीचे अध्यक्ष. हातात अंकाची गुंडाळी. माझ्या खुर्चीवर बसले. मी उभी. पोरं पाढे म्हणत होती, ती आपोआप गप्प झाली.

"बाई, ह्ये आडनाव इचारनारं यंत्र कंच्या गावचं हाय?"

मी म्हणाले, मंगळावरचं.

"मग मंगळावर आमच्या गावाचं नाव कसं काय छापलं?"

आवाज चढला नाही त्यांचा. टँकरचं पाणी वरच्या विहिरीत पडतं, ते कुणाला किती द्यायचं हे आपल्याकडं असतं, एवढं सांगून उठले. दुसऱ्या दिवसापासून वस्तीच्या घागरी सगळ्यात शेवटी. कधी भरायच्या, कधी तशाच परत. वस्तीतल्या बायका मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. शाळा सुटली की दोन माणसं पारावरून उठायची. वस्तीच्या वेशीपर्यंत माझ्या मागं चालायची. बोलायची नाहीत. रोज.

अशात सरांचं पत्र आलं. नेवाशाला त्यांचा सत्कार होता. मी व्यासपीठावर बसायचं, दहा मिनिटं बोलायचं. 'ती घागरीची आठवण सांग, लोकांना भिडते.' त्याच आठवड्यात हेडमास्तरांकरवी आप्पांचा निरोप, नेवाशाला जायचं नाही. एकाला मी रडायला हवी होते, दुसऱ्याला मुकी.

वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "ग्येलीस तर काय व्हईल, ठावं हाय. न्हाई ग्येलीस तर काय व्हईल, त्ये बी ठावं हाय. आता तूच बघ."

मी गेले. कथा आठवून पुन्हा लिहून काढली होती. माईकसमोर म्हणाले, "मी घागरीची आठवण सांगणार नाही. माझी कथा वाचणार आहे. ती सरांच्या नावानं छापून आलेली आहे."

वाचायला लागले. आयोजकांनी दोनदा चिठ्ठी सरकवली. मग माईक बंद झाला. मी आवाज चढवला. सर मान खाली घालून गळ्यातल्या हाराची फुलं कुस्करत होते. मागच्या भिंतीला टेकून ती दोन माणसं उभी होती. वाचून संपलं तेव्हा एकही टाळी पडली नाही.

उतरताना सर म्हणाले, माझ्यावरच उलटशील असं वाटलं नव्हतं. मी वही मागितली. ती अजून मिळालेली नाही.

त्याच आठवड्यात वस्तीतलं एक छप्पर जळालं. कुणी पेटवलं ते कुणी पाहिलं नाही. महिन्याभरात माझी बदली झाली, पार अकोले तालुक्यात, राजूरच्या डोंगरात.

इथं बाजाराच्या दिवशी दुपारी सहा-सात पोरी शाळेत जमतात. ठाकरांच्या, महादेव कोळ्यांच्या, आमच्या. गोष्टी लिहितात. त्यांच्याकडं मी कुणाचं दुःख मागत नाही. एकीनं लिहिलं, आमचा डोंगर एका पहाटे उठला आणि चालायला लागला. तिला मी विचारलं, कुठं चालला? ती म्हणाली, अजून ठरवलं न्हाई. माझ्याही दोन कथा एका अनियतकालिकात आल्या. माझ्या नावानं.

येत्या रविवारी त्याच गावात, आमच्या वस्तीत, माझं वाचन आहे. बायकांनीच बोलावलंय. आप्पांचाही निरोप पोचलाय: बाईंनी जपून यावं.

मी तिथं काय सोसलं ते सांगणार नाही. जे अजून घडलेलं नाही तेच वाचणार. ऐकायला कोण कोण येणार, मला माहीत आहे. मी जाणार.