कमेंटमध्ये शेवट टाकू नका

मंडळी, आमचे हे गेले, त्यानंतर आज पहिल्यांदाच माणिकपूरला पिक्चरला गेले. एकटीच.

पिक्चर चांगला आहे हो. गाणी उगाच ताणलीत, पण आईचं काम करणारीने रडवलं.

ह्यांची एक खोड होती. शो सुटल्यावर गर्दीत गासला घरी यायला रिक्षा मिळत नाही, म्हणून पिक्चर संपायच्या आधीच मला उठवायचे. रिक्षात मी चिडायची, "शेवट राहिला ना!" मग हेच शेवट रचून सांगायचे. ह्यांच्या शेवटात कधीच कोणी मरायचं नाही. हॉस्पिटलातला माणूससुद्धा घरी येऊन चहा मागायचा.

आज ठरवलं होतं, शेवट बघूनच उठायचं. पण हिरोला आयसीयूत नेलं आणि मी पर्स उचलून बाहेर आले.

रिक्षात सवयीने कडेला सरकून बसले. रिक्षावाल्याने विचारलं, "काकी, अजून कोण यायचंय का?"

"नाही. चला."

घर येईपर्यंत शेवट रचत होते. नाही जमला.

कुठला पिक्चर ते मुद्दाम लिहिलं नाही. ओळखलात तरी कमेंटमध्ये शेवट टाकू नका.