खंडेनवमीच्या पाटावरचा कॅट

माझे हात देखणे नाहीत. बोटं आखूड, अंगठा जरा बाहेर वळलेला, नखं कायम मुळापाशी कापलेली. पण हेच हात पत्त्यांचा कॅट तुकड्या-तुकड्यांत उघडतात, ते तुकडे एकमेकांभोवती फिरवतात आणि एकही पत्ता न सांडता परत मिटतात, तेव्हा समोरच्याचं बोलणं अर्ध्यात थांबतं. मला ते फार आवडतं. विनय वगैरे आमच्या घरात आईकडे आहे, माझ्या वाट्याला आलेला नाही.

या प्रकाराला कार्डिस्ट्री म्हणतात. यात जादू नाही, आणि जुगार तर मुळीच नाही. पत्ते पंख्यासारखे पसरायचे, एका हातातून दुसऱ्या हातात धारेसारखे सोडायचे, बोटांवर नाचवायचे. बघणाऱ्याच्या डोळ्यांना बरं वाटावं, एवढाच उद्योग. सोलापुरात हे समजावून सांगता सांगता माझा घसा बसला. "मग कबूतर कवा काढतीस?" हा प्रश्न मला शेजारच्या काकूंपासून ऑफिसच्या शिपायापर्यंत सगळ्यांनी विचारलेला आहे.

आम्ही भवानी पेठेत राहतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत. माग अडला, सूत सारखं तुटायला लागलं, की हाक अण्णांना. आई घरी ब्लाउज शिवते. मी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात दिवसभर लॅपटॉपवर लोकांची रिटर्न भरते, आणि घरी आले की चहाच्या आधी कॅट हातात घेते.

आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठा सण म्हणजे खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्याचं त्याचं हत्यार पाटावर मांडून पूजा करायची. अण्णांचे पाने, पक्कड आणि मागावर आडवं सूत नेणारा एक जुना लाकडी धोटा, आईची कात्री, आणि मी नोकरीला लागल्यापासून माझा लॅपटॉप. एकदा पाटावर मांडलं की दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. कात्रीलासुद्धा सुट्टी. त्या दिवशी कुणी ब्लाउज मागायला आलं, तर आई हसून दारातूनच परत पाठवते.

त्या दिवशी घरात फक्त माझे हात चालू असायचे. पत्ते पूजेत नव्हते, मग सुट्टी कशाची? एका नवमीला मी खाटेवर बसून सराव करत होते आणि आई म्हणाली, "आज तरी ठेव की गं ते." अण्णा लगेच म्हणाले, "असू दे. ज्येला पूजा न्हाय, त्येला सुट्टी कशाची?"

बोलणं साधंच होतं, पण मला ते झोंबलं. लॅपटॉप ऑफिसचा, त्यावर काम करणारी आज मी, उद्या दुसरी कुणी. माझं म्हणावं असं हत्यार एकच, आणि ते त्या पाटावर नव्हतं. मला ते तिथं हवं होतं. आणि ते मागून नको होतं. अण्णांनी आपणहून म्हणायला हवं होतं. माझा हट्ट असा असतो.

अण्णा का म्हणत नाहीत, तेही मला ठाऊक होतं. ते मंगळवेढ्याकडचे. त्यांचा थोरला भाऊ तीन पत्तीच्या नादानं एक दिवस घरातून उठला, तो परत आलाच नाही. अण्णा तेव्हा मिसरूडही न फुटलेले. भावाला शोधत त्यांनी गावोगावचे अड्डे पालथे घातले. कुठल्याही गोठ्याच्या आडोशाला चार माणसं गोल बसलेली दिसली, की जाऊन तोंडं बघायची. तेव्हापासून पत्ते म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी उमटते. कॉलेजात असताना मी पहिला कॅट घरी आणला, तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "कुनाबरोबर बसून खेळायचं न्हाय." मी म्हटलं, "अण्णा, हे एकटीनंच करायचं असतं." त्यावर त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की कंटाळून, हे तेव्हा कळलं नाही.

कॅट सांभाळणं ही मोठी उस्तवार आहे, आणि सोलापुरात तर परीक्षाच. चांगल्या पत्त्याच्या अंगावर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक खळगे असतात. त्यांत हवा राहते, म्हणून पत्ता पत्त्यावरून सर्रकन घसरतो. त्या खळग्यांत घाम, तेल, धूळ गेली की पत्ते एकमेकांना चिकटतात, पंखा एकसारखा उघडत नाही, मध्येच दात पडल्यासारखी फट दिसते. आमच्या पेठेत तर हवेतच सुताची बारीक लव असते. अण्णांच्या केसांवर, भुवयांवर, शर्टाच्या खिशात, सगळीकडे लव. म्हणून माझा नियम: साबणानं हात धुवायचे, एकेक बोट कोरडं करायचं, मगच कॅट उघडायचा. पत्ता कडांना धरायचा, तोंडावर बोट टेकवायचं नाही. आणि कारखान्यातून आलेल्या माणसानं लांबूनच बघायचं. अण्णा दाराच्या चौकटीला टेकून बघायचे. आत कधी आले नाहीत.

उन्हाळ्यात दुसरी तऱ्हा. कोरड्या हवेनं पत्ते पापडासारखे वाकतात, आणि कूलर लावला तर ओल धरून जड होतात. मी सरावाला बसले की कूलर बंद. सोलापूरच्या मे महिन्यात कूलर बंद करणाऱ्या मुलीला घरचे काय काय बोलतात, ते लिहिण्यासारखं नाही. आई पदरानं वारा घेत म्हणायची, "तुझ्या पत्त्यांपायी आमी उकडून मरू गं." पण खाटेवर अंथरायला चादर तिनंच दिली. नवी चादर लव सोडते. आईनं कपाटातून धुऊन धुऊन मऊ झालेली, तिच्या लग्नातली चादर काढली. पत्ता पडला तरी कोपरा दुमडत नाही, असली झकास चादर. आजही माझा सगळा सराव तिच्यावरच चालतो.

रोजच्या सरावाचे कॅट वेगळे, जपायचे वेगळे. जपायच्यातला सर्वांत लाडका काळ्या पाठीचा, सोनेरी वेलबुट्टीचा. तो एकदाच छापला गेला, आता मिळत नाही. एका हातानं कॅट उलगडायची एक चाल मी स्वतः बसवली होती. ती याच नादातल्या, पुण्याच्या एका मैत्रिणीला शिकवली, तेव्हा तिनं आपला सीलबंद कॅट माझ्या हातात ठेवला. असं बक्षीस कुठल्याही रिटर्नवर मिळत नाही. मी तो तळहाताच्या फोडासारखा जपला. उन्हात ठेवला नाही, खोक्यातून तिरका ओढला नाही, वापरून झाला की दोन सपाट फळ्यांच्या चिमट्यात दाबून ठेवला. जाणकारानं बघितला तरी कालच उघडला म्हणेल.

गेल्या नवरात्रात, अष्टमीला, आमच्या गल्लीच्या मंडळानं बायकांचा कार्यक्रम ठेवला. गाणी, उखाणे, नकला, आणि मधल्या वेळात मी. संध्याकाळची वेळ, मांडवात दिव्यांची धग आणि पुढं बसलेल्या पोरासोरांची गर्दी. मी काळा कॅट घेतला. ज्या गोष्टीचा अभिमान आहे, ती पेटीत ठेवून काय करायची? कमरेला कोरडा नॅपकिन खोचला होता, अण्णांच्याच कारखान्यातला. हाताला घाम सुटला की त्याला पुसायचं आणि पुढची चाल. अण्णा मांडवाच्या मागच्या खांबाला टेकून उभे होते. शिफ्टवरून थेट आलेले, डोक्यावर तीच लव.

हात त्या दिवशी असा बसला होता की काय सांगू! सोनेरी पंखे उघडत होते, मिटत होते. कबुतराची वाट बघणाऱ्या बायका गप्प झाल्या. शेवटी मी माझी चाल लावली आणि तिच्या ऐन भरात एक पत्ता निसटला. भिरभिरत मंचाखाली गेला. पोरं त्याच्यावर झडप घालणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ए! हात लावू नका! कुनी हात लावायचा न्हाय!"

अण्णा. कारखान्यात मागांच्या खडखडाटावर चढतो, तो आवाज. पोरं जागच्या जागी थिजली. अण्णा गर्दीतून पुढं आले, मंचाजवळ आले आणि माझ्याकडे हात पसरला. मला कळेना काय हवंय. मग त्यांनी माझ्या कमरेच्या नॅपकिनाकडे बोट केलं. मी तो दिला. त्यांनी एकेक बोट पुसलं, अंगठ्याची खाचसुद्धा. मग वाकून तो पत्ता दोन बोटांनी कडांना धरून उचलला, तोंडाला बोट न लावता, आणि मला दिला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या पत्त्याला पहिल्यांदा हात लावला होता, आणि तो अगदी माझ्यासारखा. दाराच्या चौकटीतून ते नुसते बघत नव्हते, शिकत होते.

मी चाल पहिल्यापासून केली. या वेळी काही निसटलं नाही. टाळ्यांचं सोडा, अण्णा परत जाऊन टेकले होते त्या खांबाकडे मी बघत होते.

नवमीला सकाळी अण्णांनी पाट मांडला. पाने तेल लावून पुसलेले, धोटा, कात्री. मी सवयीनं लॅपटॉप आणला.

"ते ठेव," अण्णा म्हणाले, "आनी तुजं आन."

"माझंच आहे की हे."

"ते हापिसाचं. तुजं आन. रातीचं काळं."

मी लॅपटॉप बाजूला ठेवला. हात धुतले, पुसले आणि कॅट आणला. अण्णांनी धोट्याशेजारी जागा केली. बाकीच्या हत्यारांवर त्यांनी फुलानं पाणी शिंपडलं, पण कॅटजवळ आल्यावर फूल खाली ठेवलं. "ह्येला पानी चालत न्हाय," ते आईला म्हणाले, जणू तिलाच माहीत नव्हतं. मग कुंकवाचं बोट तसंच हवेत धरून माझ्याकडे बघत राहिले. "कुटं लावू?"

खोक्यावर लावा म्हणता आलं असतं. पाटावर लावा म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण अण्णांच्या पान्याला कुंकू पान्यावर लागतं, पान्याच्या पेटीला नाही. मी खोकं उघडलं, इस्पिकचा एक्का काढला आणि त्याची काळी सोनेरी पाठ त्यांच्यासमोर धरली.

"खराब हुईल की गं."

"होऊ द्या."

त्यांनी बोट टेकवलं. वेलबुट्टीच्या मधोमध लाल ठिपका उमटला. जमवणाऱ्यांच्या हिशेबी त्याच क्षणी तो कॅट कामातून गेला. अण्णा त्या ठिपक्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या कपाळावरची ती जुनी आठी, मी जन्मल्यापासून बघत आलेली, सैल झाली.

"पाठीवर खूण झाली, पत्ता पालथा बी वळखू येतो," ते म्हणाले. "आता ह्या पत्त्यांवर कुनी डाव लावायचा न्हाय." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मंगळवेढ्याकडच्या कुठल्यातरी गोठ्याच्या आडोशाला, गोल बसलेल्या माणसांत कुणाचं तरी तोंड शोधत होते. आईनं नारळ पुढं केला तेव्हा कुठं ते भानावर आले.

तो एक्का आजही त्याच कॅटमध्ये आहे. पंखा उघडला की काळ्या-सोनेरीत मधेच लाल चमकतं, आणि मला ते लपवावंसं वाटत नाही. पुण्याची मैत्रीण फोटो बघून हळहळली. मी तिला म्हटलं, तुझ्याकडे असा एकही नाही.

त्या नवमीला जेवणं झाली, आई लवंडली. मी खाटेवर चादर अंथरली, सवयीनं हात धुतले, पुसले आणि पाटाकडे वळले. अण्णा डोळे मिटून भिंतीला टेकले होते. डोळे न उघडताच म्हणाले, "हात लावू नगं. पूजेत हाय ते."

मग सरावाच्या कॅटलाही हात न लावता दसरा उजाडेपर्यंत मी रिकाम्या हातांनी बसून राहिले, आईसारखी, अण्णांसारखी.