अकोल्याचं ऊन युगांडात

अकोल्याच्या उन्हाबद्दल मी आजवर जे काही सांगितलं, त्यातलं निम्मं खरं आहे. कोणतं निम्मं, ते माझी बायको सांगेल. तिचं माहेर तिथलं. मी अमरावतीचा, धंद्याने वकील, म्हणजे फुगवून सांगायची सनदच मिळालेला.

एका संस्थेमार्फत युगांडातल्या एका मुलीच्या शाळेचा खर्च आम्ही उचलायचं ठरवलं, तेव्हा पहिला टोमणा सासूबाईंचा आला. "कावून जी जावईबापू, तुमच्या मोर्शी-चांदूरची पोरं का सारी ब्यालिस्टर झाली?" पण तोवर बायकोने फोनवर त्या मुलीचा फोटो पाहिला होता, समोरचे दात पडलेले, आणि विषय तिथंच संपला होता.

मुलीचं पहिलं पत्र एवढुसं. मला गणित आवडतं, आभारी आहे, वगैरे. उत्तरात मी अकोल्याचा मे महिना पाठवला. गच्चीवर ज्वारी वाळत घातली की संध्याकाळी लाह्याच गोळा कराव्या लागतात. कोंबड्यांना बर्फाचं पाणी पाजतात, नाही तर अंडी उकडलेलीच पडतात.

"माह्या माहेराची साऱ्या दुनियेत बदनामी करून राह्यले तुमी," बायको म्हणाली.

तिकडून उत्तर आलं. "आमच्याकडे इतका पाऊस झाला की मासे शाळेत आले. बाईंनी त्यांना मागच्या बाकावर बसवलं. एक गणितात पास झाला. मी नाही झाले."

"घ्या! भेटली तुमाले तुमच्या तोलाची!"

बार रूममध्ये ते पत्र मी इतक्यांदा वाचलं की एका पक्षकाराने मला त्या माशाचं वकीलपत्र घेता का म्हणून विचारलं. मग मी छत्री घेऊन चालणारे कावळे पाठवले, तर तिने शाळेची घंटा गिळलेली बकरी पाठवली. बकरी पळाली की घंटा वाजे आणि पोरं घरी जात. दरवर्षी मुलीचं अक्षर सुधारत गेलं, थापाही.

यंदाच्या उन्हाळ्यात संस्थेची मेल आली. कुटुंब गाव सोडून गेलं आहे. कुठे, ते शाळेलाही माहीत नाही. आपल्यासाठी दुसरं मूल निवडलं आहे, फोटो सोबत जोडला आहे.

मी फोन लावला. पलीकडची बाई अदबीने बोलत होती.

"तुम्ही शोधत नाही का?"

"सर, आमच्या हातात शाळेपुरतंच असतं."

एरवी मी साक्षीदाराला तासभर सोडत नाही. थँक्यू म्हणून फोन ठेवला. कोर्टात गेलो, पुढची तारीख घेतली, घरी आलो.

जेवताना बायको म्हणाली, "कुठं गेली असंल जी ते?"

"माहीत नाही."

"मंग सांगा ना काहीतरी. तुमाले तर सुचते."

मी तोंड उघडलं. बकरीवर बसून राजधानीला गेली, असं काहीतरी जिभेपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. गच्चीवर लाह्या फोडणारा मी. त्या पोरीला थापेतसुद्धा एका बऱ्या घरात नेऊन बसवणं काही जमेना. भात कालवत राहिलो.

नव्या मुलाचं पत्र आलं. सरळ मुलगा. बहिणी आहेत, फुटबॉल आवडतो, तुमच्याकडे हवा कशी असते? मी लिहिलं: आमच्याकडे उन्हाळ्यात ऊन असतं. खाली सही केली.

बायकोने वाचलं. "एवढंच?"

"एवढंच."

तिने माझ्या हातातला पेन घेतला आणि सहीच्या खाली मराठीत लिहिलं: माझ्या माहेरी, अकोल्याला, कोंबड्यांना बर्फाचं पाणी पाजतात.

"याचं विंग्रजी करा."

केलं. उकडलेल्या अंड्यांचं लिहायला ती विसरली होती. तेवढं मी घातलं. हसू आलं नाही.