आक्काचा अंगठा

"अंगठा दुखतोय रं माझा," असं म्हणून आक्का दोन्ही हात पाठीमागे घ्यायची. फाटकावरचा वॉचमन वही आणि शाईची डबी पुढं करून उभा, आणि ही त्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभी. दोन वर्षं तिचा अंगठा रोज सकाळी दुखायचा आणि घरी परतली की बरा व्हायचा. अशी एखादी हट्टी बाई तुमच्याही आळीत असेल. तिला हसायच्या आधी जरा थांबा.

आक्का आमची शेजारीण. वेदगंगेच्या घाटावर धुणं घेऊन जायची तिची रोजची फेरी. घाटाची वाट ज्या उसाच्या रानातून जायची, ते रान बेळगावच्या एका साहेबांनी विकत घेतलं, फार्महाऊस बांधलं, तारेचं कुंपण घातलं आणि वाटेवर फाटक बसवलं. गाव चवताळून गेलं. तेव्हा साहेब हात जोडून म्हणाले, "नदी तुमचीच की! वहीत फक्त सही करा आणि खुशाल जावा." गाव तेवढ्यावर विरघळलं. पहिली सही मी ठोकली, तीही झोकात, इंग्रजीत.

वहीच्या प्रत्येक पानावर वरती कन्नडमध्ये एक ओळ छापलेली होती. मी निपाणीत कचेरीत कारकून, कन्नड रोज वाचतो. ती ओळ तेवढी वाचायची राहिली. आक्काचं माहेर संकेश्वरकडचं, चौथीपर्यंत कन्नड शाळा; लिहिणं सुटलं होतं, वाचणं नाही. तिनं ती वाचली.

"मालकाच्या परवानगीनं आत सोडलंय, आसं लिवलंय. परवानगी मागितली की वाट त्येची झाली रं!"

"आक्का, तू वकीलच व्हायला पायजे हुतीस," म्हणत मी हसलो.

सही नाही म्हणून तिला फाटक उघडत नसे. मग ती काठीनं खालची तार उचलायची आणि धुण्याचं बोचकं पुढं ढकलत सरपटत आत जायची. सत्तरीची बाई, पाठीवर लुगडं फाटलेलं. वॉचमन काकुळतीला यायचा, "आक्का, माझी नोकरी जाईल गं."

"तुझी नोकरी तू कर, माझी वाट मी चालतो."

दोन वर्षांनी साहेबांनी फाटकाला कायमचं कुलूप लावलं. गाव तहसीलदारांकडं धावलं. सुनावणीत साहेबांच्या वकिलानं टेबलावर वह्या ठेवल्या. "हक्काची वाट असती, तर गावानं परवानगी कशाला घेतली असती?" पहिलंच पान उघडलं होतं. माझी झोकदार सही सगळ्यांना दिसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"परवानगीशिवाय कुणी गेलंय का?" तहसीलदारांनी विचारलं.

मागून आवाज आला, "मी. रोज. घावतोय का बघा माझा अंगठा."

त्यांनी सगळ्या वह्या उलटल्या. अंगठा सापडला नाही. त्यांनी तिचा जबाब लिहून घेतला. अख्ख्या गावाची वाट आता त्या एका जबाबावर टांगली होती.

निकालाच्या आधीच आक्का गेली. तिसऱ्या दिवशी रक्षा घेऊन आम्ही फाटकाशी आलो. वॉचमनची मान खाली. "साहेबांचा फोन आलता. एकानं सही केली तरी कुलूप काढतो." तिच्या मुलानं रक्षेचं मडकं छातीशी धरलं होतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. वॉचमननं पेन माझ्यासमोर धरलं.

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "अंगठा दुखतोय रं माझा," म्हणालो, आणि रडू फुटलं.

सही कुणीच केली नाही. मी खालची तार उचलून धरली, काटा तळव्यात रुतला. मुलानं मडकं अलगद पुढं सरकवलं. आक्का त्या दिवशीही तारेखालूनच नदीला गेली.