मनकर्णा दाईनं काम सोडलं

गोंडपिपरीत आणि भोवतालच्या सात-आठ गावांत चाळीस वर्षं बाळंतपणं केली ती मनकर्णा दाईनं. सत्तावन्न सालची धान कापणी आटोपली आणि तिनं काम सोडायचं ठरवलं. तिला वाटलं होतं, ठरवलं की झालं.

कारण घडलं ते लटारूच्या घरी. भरदुपारची वेळ होती, बाईही लवकर मोकळी झाली. पण नाळेला दोरा बांधताना गाठ बसली की नाही, हे मनकर्णाच्या बोटांना कळलंच नाही. गाठ सुटली, रक्त आलं. तिनं झटक्यात दुसरी बांधली, तीही सुटली म्हणून तिसरी. पोर वाचलं. लटारूची माय चुलीपाशी पाणी तापवत होती, तिला काही दिसलं नाही. घरी येऊन मनकर्णा सपरीत, पुढच्या ओसरीत, बसली आणि डोळे मिटून सुतळीला गाठी मारून पाहू लागली. बोटं लाकडासारखी झाली होती. दोन हिवाळे ती बधिर होत होती, तिनंच मनावर घेतलं नव्हतं.

ही गाठीची गोष्ट तिनं कोणाला सांगितली नाही. एवढंच सांगितलं की आता बोटं चालत नाहीत, दवाखान्यातल्या नर्सबाईला बोलवत जा. नर्सबाई अन्नपूर्णा सिरोंचाकडची, बावीस-तेवीस वर्षांची, तेलुगू वळणाचं मराठी बोलणारी. येऊन आठ महिने झाले होते, पण बाळंतपणाला तिला एकाही घरानं बोलावलं नव्हतं.

मोहल्ल्यातली सुगंधाबाई सुनेसाठी आली तेव्हा मनकर्णानं तिला दवाखान्याकडे पाठवलं. ती हसली. बोटं नसली चालत तरी तुझ्या हाताला सवय आहे, म्हणाली. मनकर्णानं दार लोटून घेतलं. तासाभरात सुगंधाबाईचा मुलगा आला, मग बैलगाडी घेऊन नवराच आला. बाई तिकडे अडलेली. मनकर्णा चरफडत गाडीत बसली. असं त्या हिवाळ्यात चार वेळा झालं. प्रत्येक वेळी ती घरच्या एखाद्या बाईला जवळ बसवायची, आपण बांधलेली गाठ तिला ओढून बघायला लावायची, आणि परत येताना स्वतःवरच संतापायची.

शेवटी ती दवाखान्यात गेली आणि न बोलावताच बाळंतिणीच्या घरी जात जा म्हणून नर्सबाईच्या विनवण्या करू लागली. अन्नपूर्णाही चिडलेलीच होती. दोन घरी ती आपणहून गेली होती, दोन्हीकडे तिला दाराबाहेरूनच परत पाठवलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही जाता म्हणून मला कोणी बोलवत नाही, बाई. आधी तुम्ही थांबा."

मनकर्णाला ते लागलं. ती गेली तर नर्सला कोणी बोलवणार नव्हतं, आणि नाही गेली तर एखादी बाई जिवाला मुकणार होती.

फाल्गुनात तिच्याच सुनेचे, पार्बताचे, दिवस भरले. पहिलटकरीण. मुलगा मुखरू निर्धास्त होता; घरातच दाई, मग कसली काळजी. सकाळी पार्बताच्या पोटात दुखू लागलं तशी मनकर्णा पदर खोचून निघाली आणि नर्सबाईला घेऊन आली. तिला आत पाठवून आपण सपरीत बसली.

मोहल्ल्यातल्या बाया जमल्या, त्यांत लटारूची मायही होती. दोन प्रहर झाले. आतून पार्बता "आत्याबाई, आत्याबाई" करत होती. सुगंधाबाईनं मनकर्णाचा दंड धरला, मनकर्णानं तो सोडवून घेतला. अन्नपूर्णानं बाहेर येऊन हळूच सांगितलं की मूल पायाळू आहे, पण आपण करू. मनकर्णानं मान हलवली आणि जागची उठली नाही.

मुखरूचा धीर सुटला. "माय, ते मरून राह्यली तिकडे. तू काऊन बसली इथी?"

"माह्या हातानं मरन म्हणून बसली."

कोणी मनावर घेईना. तिघी-चौघी तिला उठवायलाच धावल्या. तेव्हा मनकर्णा लटारूच्या मायकडे वळली आणि सगळ्यांसमोर बोलली, "तुह्या नातवाच्या नाळेची गाठ दोनदा सुटली होती, बाई. मले समजलंच नाई. रक्त पाह्यलं तवा समजलं. तू चुलीपाशी होती, तुले सांगतलं नाई मी."

बाया जागच्या जागी थबकल्या. लटारूची माय पदर सावरून उठली आणि घरी निघून गेली.

दिवस कलला तेव्हा पार्बताला मुलगी झाली. दोघी धडधाकट होत्या. अन्नपूर्णा घामानं भिजून बाहेर आली, तर बाया तिच्यासाठी पाण्याचा लोटा घेऊन उभ्या.

त्यानंतर मनकर्णाच्या दाराशी कोणी आलं नाही. आठ दिवसांत पलीकडच्या गावची गाडी तिच्या घरावरून सरळ दवाखान्याकडे गेली. तिला हेच हवं होतं, तरी गाडी पाहून तिच्या अंगाची आग झाली. चाळीस वर्षांची शेकडो बाळंतपणं कोणाच्या तोंडी उरली नाहीत, त्या दोन गाठी तेवढ्या राहिल्या. घरात पार्बता जेवायला वाढायची, पण लागेल तेवढंच बोलायची. मुलगी रडली की मनकर्णाच्या मांडीवरून उचलून न्यायची.

एके दिवशी विहिरीवर सुगंधाबाई भेटली. तिच्या मोठ्या लेकीचं पोर परसाली सातव्या दिवशी गेलं होतं. ते बाळंतपणही मनकर्णानंच केलं होतं. सुगंधाबाईनं भरलेली घागर खाली ठेवली.

"खरं सांग बाई," ती म्हणाली, "तवाही तुह्या बोटाले समजत नव्हतं का?"

मनकर्णा आठवत राहिली. गाठ चांगली बसली होती, असं तिला वाटत होतं. पण वाटतं म्हणायची सोय तिनंच ठेवली नव्हती. "मले माहीत नाई," ती म्हणाली, आणि दोर विहिरीत सोडला.