इंजिन बंद, लाइट चालू

मोठ्या दिरांच्या डोक्यात मी हेल्मेट हाणलं. चुकून नाही, चांगलं दोन्ही हातांनी उचलून, नेम धरून. ते मटकन खाली बसले तेव्हा मला बरं वाटलं. वस्तीवर आजही कुणी कुणी ही गोष्ट हसत सांगतं, म्हणून मीच सांगते. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. माझा नवरा तेव्हा बांधाला पडला होता आणि चार माणसं त्याचा जीव घ्यायला निघाली होती.

सगळं त्या लाइटपायी. आमची गाडी सासऱ्यांनी घेतलेली, शंभर सीसीची. तिचा लाइट इंजिनावर चालायचा. रेस दिली की जरा उजेड, खड्ड्यापाशी हळू केली की नुसता मिणमिण. म्हणजे जिथं दिसायला हवं नेमकं तिथंच अंधार! द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीच्या रस्त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या असतात, मागं ना लाल दिवा ना काही. तसल्या एका ट्रॉलीवर आम्ही आदळता आदळता वाचलो. मी खाली उतरले आणि नवऱ्याला म्हणाले, "आता एक तर लाइट बदला, नाहीतर बायको बदला." म्हणाला, "लाइट स्वस्त पडेल." असा आहे तो.

नाशिकला पंचवटीतल्या मेकॅनिककडे अख्खी दुपार गेली. नुसता एलईडी बल्ब टाकून भागत नाही म्हणाला, जुन्या गाडीचं वायरिंग बदलून लाइट बॅटरीवर घ्यावा लागतो. घेतला. दिवेलागणीला परत निघालो तर काय, रस्त्यावरचा खडा न् खडा दिसत होता. मी खूश, आणि नवरा माझ्याहून खूश.

आमच्या मळ्याच्या अलीकडे शेजाऱ्यांची द्राक्षबाग आहे. तिथं त्यानं गाडी थांबवली, हेल्मेट काढून आरशाला अडकवलं. "गंमत बघ," म्हणाला आणि इंजिन बंद केलं. लाइट तसाच! आमच्या गाडीचा लाइट आजवर इंजिनाबरोबरच मरायचा. हा मात्र बागेच्या तारांमधून पार विहिरीपर्यंत पोचला होता. आम्ही दोघं वेड्यासारखे बघत उभे राहिलो.

त्या दिवसांत शिवारातल्या विहिरींवरून मोटारीची केबल चोरीला जात होती. तांब्यासाठी कापून न्यायचे. लोक पिसाळले होते, पाळीनं राखण चालू होती. आणि आमच्याकडे राखणीला बसलेला माणूस गाडी बघत नाही, लाइट बघतो. पिवळा, कमी-जास्त होणारा, तो आमचा. डावीकडे तिरका पडतो, तो दूधवाला. पण एका जागी थांबलेला, पांढरा, इंजिनाचा आवाज नसलेला आणि थेट विहिरीवर रोखलेला लाइट कुणाचाच नव्हता. म्हणजे चोराचाच.

बागेतून राखणीचे चौघं पळत आले. उजेड त्यांच्या डोळ्यांत, आम्ही उजेडाच्या मागं. त्यांना आमच्या नुसत्या सावल्या दिसत असणार, मला त्यांचे चेहरे लख्ख दिसत होते. सगळ्यांत पुढं माझे मोठे दीर. मला हायसं वाटलं, म्हटलं घरचंच माणूस आहे. तेवढ्यात त्यांची काठी नवऱ्याच्या तोंडावर बसली.

दात तुटलेला ऐकू आला मला. तो कोसळला, तोंड रक्तानं भरलेलं, त्याच्या तोंडून शब्द निघेना. मग चौघं तुटून पडले. लाथा, काठ्या, एकाच्या हातात लोखंडी पाइप. "केबल कुठं हाय, बोल! लय माजलाय का?" तो काय बोलणार, कप्पाळ! पाइप गुडघ्यावर बसला तेव्हा मात्र तो असा ओरडला, की मला ते अजून ऐकू येतं.

मी गळा फाडून ओरडत होते. "दादा, मारू नका! आम्ही आहोत, घरचे आहोत!" दिरांनी ऐकलं. मान वळवली आणि म्हणाले, "हिला पन धरा रे! बाया घेऊन फिरत्यात चोऱ्या करायला." एकानं माझा दंड पिरगळला. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले, रक्ताची चव लागेपर्यंत. तो बोंबलत मागं सरला. दिरांनी काठी पुन्हा उचलली, या खेपेला नवऱ्याच्या डोक्याच्या रोखानं. ती बसली असती तर त्याच रात्री मी कुंकू पुसलं असतं. मी आरशावरचं हेल्मेट ओढलं आणि हाणलं. ते बसल्यावर परत हाणलं. "मुडद्या, सख्ख्या भावाला मारतोस?"

मग गाडीचं हँडल धरून गचकन फिरवलं. लाइट नवऱ्याच्या तोंडावर पडला.

उगारलेल्या काठ्या खाली आल्या. पाइप टाकून एक जण तर पळूनच गेला. दीर रांगत भावापाशी आले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

नवरा वाचला. गुडघ्यात प्लेट पडली, चालताना पाय ओढतो. नाशिकच्या दवाखान्यात ऑपरेशन चालू होतं आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. दिरांच्या डोक्याला पट्टी होती. ते जाऊबाईंना सांगत होते, "लाइट वळखू आला नाय गं." जाऊबाई म्हणाल्या, "अहो, पण ही वरडत व्हती ना?" ते म्हणाले, "वरडत व्हती. पन कुनाचा आवाज, मला काय ठाव?"

खोटं बोलत नव्हते. लग्नाला दहा वर्षं होत आली होती, एका चुलीवर जेवत होतो. पण त्यांच्या पुढं डोक्यावर पदर, मान खाली, काही हवं-नको ते जाऊबाईंच्या तोंडून. आमच्याकडे चालीच तशा, आणि मीही त्या मुकाट पाळल्या. वस्तीवरचं कुठलं कुत्रं भुंकतंय ते दिरांना अर्ध्या झोपेत कळतं. माझा आवाज त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला होता.

माझं टाळकं सरकलं. मी उठले, डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"दादा," म्हटलं, "हा माझा आवाज. नीट ऐकून ठेवा."