पत्रूने बांधलेली गाठ

एटापल्लीच्या पलीकडे बस दिवसातून एकदा येते, तीही तिच्या मनात आलं तर. तिथे हाड मोडलं की डॉक्टरच्या आधी पत्रूचं नाव निघतं. माणूस झाडावरून पडो की बैलाने आपटो, त्याला खाटेसकट पत्रूच्या अंगणात आणायचं. पत्रू डोळे मिटून हाड चाचपतो, ओढून जागेवर आणतो, हाडजोडीच्या वेलाचा लेप लावून बांबूच्या कामट्या बांधतो. ती गाठ एकवीस दिवस कोणी सोडायची नाही, खुद्द पत्रूनेही नाही. चाळीस वर्षांत कितीतरी हातपाय त्याने धड केले. त्याचा त्याला गर्वही होता, उगीच कशाला झाकायचं.

दोन उन्हाळ्यांमागे त्याची मुलगी रंजीता चारोळीच्या झाडावरून पडली, तीही बुडावर. चोविशीची पोर, रानात चालायला लागली की सोबतच्या बायका मागे पडायच्या. पत्रूने तिच्या मांड्या चाचपल्या, त्या शाबूत होत्या. मग कमरेच्या मागचा सांधा शोधत राहिला. पण तो मांसाखाली इतका खोल असतो की कोणाचीच बोटं तिथवर पोचत नाहीत. तरीही त्याने बांधलं. बापच तो, स्वतःची पोर दुसऱ्याच्या हाती कशी देणार?

पाचव्या दिवशी गावची आशाताई दिव्यानी आली. मी गाडी बोलावते, चंद्रपूरला नेऊ, म्हणाली. पत्रूने नुसतं गाठीकडे बोट दाखवलं. तिने रंजीताला विचारलं, तर तीही म्हणाली, फारसं दुखत नाही. दिव्यानी आल्या पावली परत गेली.

बाविसाव्या दिवशी पत्रूने गाठ सोडली. रंजीता उभी राहिली आणि डावीकडे कलली. डावा पाय आखूड झाला होता. पत्रूने मग स्वतःच दिव्यानीचं दार गाठलं.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी त्याला पडद्यावर फोटो दाखवला. पाठीच्या कण्याचं बूड आणि कमरेचं हाड जिथे जुळतं, तो सांधा उकलून हाड वर सरकलं होतं. पहिल्या आठवड्यात आणली असती तर पाय ओढून हाड खाली घेतलं असतं आणि पडद्यावर बघत, नखाएवढ्या छेदांतून दोन स्क्रू बसवले असते, असं ते म्हणाले. आता हाड वरच जुळू लागलं होतं. स्क्रू अजूनही घालता येतील, दुखणं कमी होईल, पण पाय आखूडच राहील. हाड खाली आणायचं तर मोठी चिरफाड, आणि त्यात नस दुखावली तर पाऊलच लुळं.

छेद घेऊन स्क्रू तेवढे घातले. दुसऱ्या दिवशी पत्रूला नवा फोटो दाखवला. ज्या सांध्यावर त्याने अंदाजाने कामट्या आवळल्या होत्या, तो समोर लख्ख दिसत होता. पत्रूला इतकी लाज वाटली की त्याला फोटोकडे धड बघवेना.

संध्याकाळी तो रंजीताच्या खाटेपाशी बसला.

"पोरी, बांधून होती तवा आतमधी काई कळत नव्हतं का तुले?"

"कळत होतं. कूस बदलली का हाड सरकत होतं."

"मंग बोलली काऊन नाई?"



"पत्रूच्याच पोरीनं गाठ सोडाले लावली असती, बा, त तुयाकडे मंग कोण आलं असतं?"